सिव्हिल लाइन्समधलं टायपिंगचं दुकान आणि साक्षांकन नमुन्यातला तो रकाना

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

भाची एमपीएससीतून लिपिक-टंकलेखक झाली. यादी लागली, पेढे वाटून झाले, आणि मग विभागाचं पत्र आलं: साक्षांकन नमुना तीन प्रतींत, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, मूळ कागदपत्रं, छायाप्रतींचे दोन संच, सगळं घेऊन हजर व्हा. घरात सरकारी नोकरी केलेला मी एकटाच. केंद्राच्या एका खात्यात आवक-जावक सांभाळण्यात हयात गेली, त्यामुळे फाइल कशी लावायची ते कळतं. पण आता सगळं युनिकोडमध्ये लागतं आणि माझं टायपिंग एका बोटाचं. म्हणून तिला घेऊन नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या या दुकानात गेलो.

दुकानाचं नाव लिहीत नाही, काकांनीच नको म्हटलं. "नाव टाकलं का लोक फोन करकरून भाव विचारतात, येत कोणी नाही." खूण सांगतो. स्टॅम्प व्हेंडर आणि अर्ज लिहून देणारे बसतात त्या ओळीतलं शेवटचं टिनाचं दुकान. दारात कडुलिंब, आणि बोर्डावर अजून 'इलेक्ट्रॉनिक टायपिंग' असं लिहिलेलं. काकांनी सुरुवात कोर्टाच्या आवारात रेमिंग्टन टाइपरायटरवर केली. ते मशीन आता कोपऱ्यात आहे आणि त्याच्यावर रिकाम्या रिमची खोकी रचलेली आहेत. कॉम्प्युटर मुलगा चालवतो. काका चष्मा कपाळावर ढकलून मागून वाचतात आणि चुका काढतात.

भाव सांगून टाकतो, कारण अशा दुकानांबद्दल लोक तेच आधी विचारतात. झेरॉक्स दोन रुपये पान, मराठी टायपिंग तीस रुपये पान, दुरुस्तीचे वेगळे पैसे नाहीत. रुजू होण्याची पूर्ण फाइल, म्हणजे नमुने, प्रतिज्ञापत्रं, छायाप्रती, टॅग, पंच, वर अनुक्रमणिका, सगळं मिळून साडेतीनशे. यूपीआय चालतो. बाजूच्या दुकानात दोनशेत करून देतात, पण तिथला पोरगा कृतिदेव या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलतो आणि 'र्‍य' आणि 'ष्ट्र' यांचा पार चिवडा करून देतो. सरकारी कागदावर आडनावाचा चिवडा झाला की पुढची दोन वर्षं शपथपत्रं करत बसायचं.

आता मुद्द्याचं. साक्षांकन नमुना ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: नाव, गाव, गेल्या काही वर्षांतले सगळे पत्ते, शाळा-कॉलेजं, आणि मग प्रश्नांची एक माळ. तुम्हाला कधी अटक झाली होती का? खटला भरला होता का? स्थानबद्ध केलं होतं का? न्यायालयाने दंड केला का? दोषी ठरवलं का? सध्या काही प्रलंबित आहे का? आणि सगळ्यात वर ठळक ताकीद: खोटी माहिती दिली किंवा खरी लपवली तर तुम्ही नोकरीला अपात्र. हा नमुना पोलिसांकडे जातो आणि पडताळून परत येतो. नियुक्ती त्या पडताळणीच्या अधीन असते.

भाची कॉलेजात असताना शिष्यवृत्ती रखडली म्हणून पोरांनी एका सरकारी कार्यालयासमोर ठिय्या दिला होता. जमावबंदी लागू होती. पोलिसांनी नावं लिहून घेतली, त्यात हिचंही. भारतीय दंड संहितेचं कलम १४३ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं १३५. पुढे आंदोलनांतले असे गुन्हे सरकारने मागे घेतले त्यात हाही गेला. सरकारी वकिलाने अर्ज दिला, न्यायालयाने परवानगी दिली, विषय संपला. तिच्या मते संपला. "केस मागे घेतली ना मामा, मग 'नाही' लिहायचं."

मुलगा 'नाही' टाइप करणार एवढ्यात काका मागून म्हणाले, "थांब. बेटा, प्रश्न परत वाच. 'कधी' म्हटलं आहे का 'आता' म्हटलं आहे?"

ती वाचत राहिली. काकांनी तिला शांतपणे समजावलं. गुन्हा नोंदला गेला म्हणजे ठाण्याच्या नोंदवहीत आहे. मागे घेतला म्हणजे खोडला नाही. तू 'नाही' लिहिलंस आणि पडताळणीत 'आहे' आलं, तर त्या ठिय्याबद्दल तुला कोणी काही विचारणार नाही, लपवल्याबद्दल विचारतील. 'होय' लिही, गुन्हा क्रमांक लिही, कलमं लिही, शेवटी 'न्यायालयाच्या परवानगीने खटला मागे, आदेशाची प्रत सोबत' असं लिही. एवढंच. का बसलो होतो, कोणती संघटना होती, घोषणा काय दिल्या, यातलं एक अक्षर नको. "विचारलं तेवढं सांगायचं. न विचारलेलं सांगायला ते काही लग्नाचं स्थळ नाही."

हा सल्ला त्यांनी कायद्याच्या पुस्तकातून काढला नव्हता, पण तो कायद्याला धरून होता. २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या लपवाछपवीबद्दल सविस्तर नियमावलीच घालून दिली. त्यात त्यांनी क्षुल्लक प्रकाराचं जे उदाहरण दिलं ते तरुण वयात घोषणा देण्याचंच आहे. अशा किरकोळ प्रकरणात शिक्षा झालेली असली आणि उमेदवाराने ती लपवलेली असली, तरी नोकरी देणारा आपल्या अधिकारात तिकडे काणाडोळा करू शकतो. 'करू शकतो' म्हटलं आहे. करेलच असं नाही. म्हणून काकांचा मार्ग बरा.

आमच्यासमोरच पोलीस भरतीतला एक पोरगा बसला होता. त्याचं प्रकरण जास्त अवघड. रास्ता रोकोत नाव आलं, तारखा पडत राहिल्या, शेवटी लोकअदालतीत गुन्हा कबूल करून काहीशे रुपये दंड भरला आणि मोकळा झाला. तारखेला जाण्याचा एसटीचा खर्च दंडापेक्षा जास्त होत होता. पण गुन्हा कबूल करून दंड भरला की नमुन्याच्या भाषेत ती दोषसिद्धी. 'दंड केला का' आणि 'दोषी ठरवलं का', दोन्हीला 'होय'. पोराच्या कपाळावर घाम. काकांनी त्याला टाइप करून दिलं नाही, "आधी वकिलाला दाखव, निकालाची नक्कल काढ, मग ये" म्हणून परत पाठवलं. तीस रुपयांवर पाणी सोडून गिऱ्हाइकाला परत पाठवणारं दुकान मी या ओळीत दुसरं पाहिलं नाही. अर्ध्याहून जास्त तारे मी यासाठीच दिले आहेत.

टेबलाच्या वर भिंतीला एक जुना कागद चिकटवला आहे, रेमिंग्टनवर टाइप केलेला, पिवळा पडलेला. त्यावर फक्त एक प्रश्न: सरकारी नोकरी म्हणजे असा काय स्वर्ग आहे, की तिथे फक्त देवदूतांनीच शिरायचं? खाली लिहिलेलं, न्या. चिन्नप्पा रेड्डी, १९८३. मला निकाल माहीत होता. आमच्या काळातल्या प्रत्येक युनियनवाल्याला तो माहीत असे. मध्य प्रदेशातले एक शिक्षक, नगरपालिकेच्या शाळेत. शाळा सरकारने ताब्यात घेतली, शिक्षक सरकारी सेवेत आले, आणि मागाहून पोलिसांचा अहवाल आला की हे गृहस्थ पूर्वी संघाच्या आणि जनसंघाच्या कार्यक्रमांत असत. नोकरी गेली. उच्च न्यायालयाने ती परत दिली आणि सरकारचं अपील फेटाळून सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. माणसाची राजकीय श्रद्धा कोणती याचा पोलिसांकडून अहवाल मागवायचा आणि त्यावर नोकरी ठरवायची, ही कल्पनाच घटनेला मंजूर नाही, असं म्हटलं. अमेरिकेतल्या मॅकार्थीच्या, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून नोकऱ्या घालवण्याच्या, काळाचं नाव घेऊन, ती रीत आपल्याकडे नको, असंही म्हटलं. पुढारीच तरुणांना चळवळीत उतरा म्हणून सांगतात, आणि उतरले की तो कलंक त्यांनी जन्मभर वागवायचा का, हा त्या निकालातला दुसरा प्रश्न. तो कागदावर नाही. जागा पुरली नसावी.

मी काकांना म्हटलं, "हा निकाल संघवाल्याच्या बाजूने लागलेला. तुम्ही कोणाच्या बाजूचे?" ते म्हणाले, "मी टायपिंगवाला आहे, भाऊ."

बरोबरच आहे. कारण हा मार सगळ्यांनी आलटून पालटून खाल्ला आहे. आधी लाल झेंडेवाल्यांनी. १९४९ साली रेल्वेसाठी राष्ट्रीय सुरक्षेचे खास नियम झाले आणि कम्युनिस्टांशी संबंधित युनियनमधल्या कर्मचाऱ्यांना त्याखाली घरी बसवलं. बालकोटय्या आणि इतरांचं ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५७ च्या अखेरीस ते हरले. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं, की संघटना करायचा तुमचा हक्क शाबूत आहे, खुशाल कम्युनिस्ट राहा; पण सरकारी नोकरीत राहण्याचा मूलभूत हक्क घटनेने कोणाला दिलेला नाही. ऐकायला तर्कशुद्ध. पण महिन्याच्या एक तारखेला पगार आणणाऱ्या माणसाला हे सांगून बघा.

मग १९६२ साली आपल्या मुंबईतल्या एका हिशेब कार्यालयातल्या कर्मचारी संघटनेचे सचिव जोसेफ जिंकले. मान्यता नसलेल्या संघटनेचं सभासद होऊ नये आणि निदर्शनं करू नयेत असं तेव्हा सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांत होतं. सभासदत्वाचा नियम न्यायालयाने पूर्ण रद्द केला. निदर्शनांवरची बंदीही घालवली, संपावरची ठेवली. आमच्या युनियनची सुरुवातीची सगळी भाषणं याच निकालावर उभी असत.

आणि मग ३० नोव्हेंबर १९६६. त्याच महिन्यात ७ तारखेला दिल्लीत संसदेसमोर गोहत्याबंदीच्या मोर्चात गोळीबार झाला होता. महिना संपता संपता गृह मंत्रालयाचं परिपत्रक निघालं: राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमात-ए-इस्लामी, या दोन संघटनांत भाग घेणाऱ्या सरकारी नोकरावर कारवाई होऊ शकते. १९७० साली त्याची आठवण करून दिली, १९८० साली पुन्हा. संघाचं मुख्यालय महाल भागात, म्हणजे आमच्या गावात. म्हणजे नागपूरच्या केंद्रीय कचेऱ्यांत हे परिपत्रक ज्याला लागू पडेल असा माणूस हरेक मजल्यावर होता आणि सगळ्यांना माहीत होता.

मी नोकरीला लागलो तेव्हा १९८० चं परिपत्रक ताजं होतं. माझ्या टेबलासमोरचा सहकारी पहाटे शाखेत जायचा. ऑफिसात सांगायचा, "सकाळी फिरायला जातो." सगळे म्हणायचे, "हो, फिरणं चांगलं." विजयादशमीला तो दर वर्षी आजारी पडायचा. रजेच्या अर्जावर ताप, खाली साहेबांची सही. साहेबांनाही नागपुरात दसऱ्याला कसला ताप येतो ते माहीत असावं. त्याला कधी मेमो आला नाही, चौकशी झाली नाही. पण बढतीची वेळ आली की महिनाभर तो घरातल्या भिंतीवरचे फोटो काढून ठेवायचा, कोणी आलं तर काय सांगा. मोमिनपुऱ्यातला एक जण होता, पुस्तकवेडा. कोणीतरी त्याला सांगितलं की तू जातोस ते वाचनालय जमातवाल्यांचं आहे. खरं होतं की नाही देव जाणे. त्याने जाणं बंद केलं आणि वाचायलाही बंद केलं, दुपारी डबा खाऊन टेबलावर डोकं टेकून झोपायचा. तिसरा लाल बावट्याचा. त्याचं नोकरीत कायम होणं किती काळ अडलं, आणि कारण फक्त 'रिपोर्ट आला नाही'. रिपोर्टात काय असतं, कोण लिहितं, हे त्याला शेवटपर्यंत कोणी दाखवलं नाही.

यातल्या कोणाचीच नोकरी गेली नाही. म्हणून हे कुठल्या निकालात सापडणार नाही.

९ जुलै २०२४ ला कार्मिक आणि प्रशिक्षण विभागाने त्या तिन्ही परिपत्रकांतून संघाचा उल्लेख काढला. इंदूरच्या एका निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्याची याचिका मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठापुढे होती. त्याच महिन्यात निकाल देताना न्यायालयाने सुनावलं की चूक उमगायला सरकारला पाच दशकं लागली. शाखेत जाणाऱ्या सहकाऱ्याचा मला फोन आला. म्हटलं, "चला, आता उघड जा." तो म्हणाला, "आता काय, मी रिटायर." मग जरा थांबून म्हणाला, "पण ऑफिसातलं कोणी भेटलं की अजून तोंडातून 'फिरायला जातो' असंच निघतं." जमातचं नाव परिपत्रकात आहे तिथेच आहे. आणि कोणती संघटना राजकीय ते सरकारच ठरवणार, हा नियम तर मुळीच हललेला नाही. एक नाव वगळलं, वगळणाऱ्याचा अधिकार तसाच राहिला. उद्या दुसरं सरकार दुसरं नाव घालेल. मला संघाबद्दल प्रेम नाही, हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी म्हणतो, नाव निघालं ते चांगलं झालं. रकाना राहिला ते वाईट.

दुकानाकडे परत येतो. काका वर्तणूक नियमांची झेरॉक्स पुस्तिकाही विकतात, महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९, स्पायरल बाइंडिंगसह साठ रुपये. नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी, कारण ऑफिसात ती कोणी देत नाही, फक्त 'नियम वाचले आहेत' या कागदावर सही घेतात. पण इथे माझा अर्धा तारा गेला. नियम ५, म्हणजे राजकारण आणि निवडणुकीचाच नियम, ते पान वाकडं ठेवून झेरॉक्स काढलं आहे आणि खालच्या ओळी उडाल्या आहेत. सगळ्या पुस्तिकेत नेमकं तेच पान. मी दाखवलं तर मुलगा म्हणाला, "मूळ प्रतच तशी आहे काका." मूळ प्रत बदला की मग. गिऱ्हाईक साठ रुपये देतं ते त्याच पानासाठी.

माझ्याकडे केंद्राचे १९६४ चे नियम घरी आहेत आणि दोन्हींची ठेवण सारखीच, त्यामुळे भाचीला मी ते वाचून दाखवले. राजकीय पक्षाचं सभासद व्हायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. तुमच्या घरातलं कोणी सरकार उलथवू पाहणाऱ्या चळवळीत भाग घेत असेल, तर त्याला रोखायचा प्रयत्न करायचा, आणि जमलं नाही तर सरकारला कळवायचं. म्हणजे जेवायच्या ताटावर धाकटा भाऊ काय बोलतो तेही सरकारी कामात मोडतं. आणि मतदान करायचं, पण कोणाला केलं याची चाहूल लागू द्यायची नाही.

त्यातलंच एक कलम त्या दिवशी दुकानाच्या दारात उभं होतं. भाचीच्या स्कूटीच्या पुढच्या पत्र्यावर तिच्या धाकट्या भावाने एका पक्षाचं निवडणूक चिन्ह चिकटवलेलं. काम संपवून आम्ही निघालो, काका दारापर्यंत आले आणि स्कूटी पाहून थबकले. "ही तुझी का? नावावर तुझ्या?" तिने मान हलवली. काही न बोलता आत गेले, ब्लेड आणि व्हाइटनरच्या थिनरची छोटी बाटली घेऊन आले आणि खाली उकिडवे बसले. आधी ब्लेडने एक कोपरा उचलला, मग थिनरचे दोन थेंब, मग अंगठ्याने हळूहळू सोलत नेलं, रंगावर ओरखडा येऊ न देता. चिकट डाग राहिला तो बनियनच्या चिंधीने पुसला. मग म्हणाले, "निवडणुकीचं चिन्ह अंगावर, गाडीवर, घरावर लावलं म्हणजे वजन वापरलं असं धरतात. कोणाचं होतं ते मी पाहिलं नाही." सोललेलं स्टिकर चिन्ह आत ठेवून घडी घातलं आणि खिशात टाकलं. याचे पैसे घेतले नाहीत.

भाचीला राग आला, हेही लिहायला हवं. काकांचा नाही, सगळ्याचाच. परतताना म्हणाली, "मामा, मी इन्स्टाग्रामवरच्या जुन्या पोस्ट पण काढायच्या का?" २८ जुलै २०२५ ला राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमांबद्दल सूचना काढल्या आहेत: शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका नको, वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा, कंत्राटीवाल्यांनाही हे लागू. मी म्हटलं, शिष्यवृत्तीचा ठिय्या आहे त्यात, तो राहू दे, नमुन्यात लिहिलाच आहे. ती म्हणाली, तोच काढावासा वाटतो. मी काही बोललो नाही. मला तो पुस्तकवेडा आठवत होता.

ज्यांना वाटतं की हे सगळं जुनं झालं, त्यांनी २०२१ सालचं बिहार पोलिसांचं पत्र आठवावं. निदर्शनांत गडबड होऊन गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झालं तर चारित्र्य पडताळणीत तशी नोंद करा, आणि अशा लोकांनी सरकारी नोकरीची आशा सोडावी, असा त्याचा सूर होता. किंवा जम्मू-काश्मीर पाहा. तिथे २०२१ पासून अनेक कर्मचाऱ्यांना घटनेच्या कलम ३११(२)(ग) च्या जोरावर, खात्याची चौकशी न करता बडतर्फ केलं आहे. त्यात खरेच दोषी किती, हे चौकशीशिवाय ठरवायचं कसं?

तर हे दुकान. टायपिंगला पाचपैकी पाच, एकही काना-मात्रा चुकली नाही. झेरॉक्स चार, मशीन दुपारनंतर तापतं आणि पानाला कडेने राखाडी पट्टा येतो. पुस्तिका दोन. लॅमिनेशन करू नका, आत बुडबुडे राहतात, आणि मूळ प्रमाणपत्राचं लॅमिनेशन तर कुठेच करू नका, शाईचा शिक्का आत पसरतो. बसायला एक बाक आहे, त्यावर तीन माणसं मावतात. पाण्याचं मडकं बाहेर कडुलिंबाखाली आहे.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर कोर्टाची गर्दी सुरू होते. रविवारी बंद. सोबत दहावीपासूनच्या सगळ्या मूळ गुणपत्रिका, गेल्या पाच वर्षांतल्या प्रत्येक भाड्याच्या खोलीचा पूर्ण पत्ता पिनकोडसह, आणि ओळख देणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावं-पत्ते आधीच विचारून घेऊन जा. त्या दोघांना फोन करून सांगून ठेवा, कारण पोलीस त्यांना विचारतात आणि 'कोण ही मुलगी?' असं उत्तर आलं की फाइल महिनाभर अडते. कधी काही गुन्हा नोंदला गेला असेल तर एफआयआरची प्रत आणि शेवटचा आदेश, दोन्ही न्या. प्रत नसेल तर आधी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज टाका, मगच दुकानात या. काका त्याशिवाय कीबोर्डला हात लावू देत नाहीत. भाची रुजू झाली आहे. पडताळणी अजून आलेली नाही, आली की इथे खाली लिहीन.